डब्याचं वेळापत्रक

मुलांनो, मंगळवारी तिसरा तास कशाचा, असं तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्ही बिनचूक सांगाल. खेळाचा तास कोणत्या वारी, हे तर विचारायलाच नको! पण मंगळवारी तुमच्या डब्यात काय असणार, असं विचारलं तर? "आई देईल ते." आणि आईला विचारलं तर? "अहो बाई, सकाळी उठून सुचेल ते!"

आता गंमत बघा. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला यांचं वेळापत्रक आपण वर्गाच्या भिंतीवर लावतो. कारण ते नसलं तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या आठवड्यात गणिताचे दहा तास होतील आणि चित्रकलेचा एकही होणार नाही. डब्याचं नेमकं हेच होतं. आठवडाभर पोळी आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी, मधूनच एक दिवस नूडल्स, आणि उशीर झाला की दहा रुपयांची नोट. ती नोट फाटकाबाहेरच्या टपरीवर कशी खर्च होते, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही मला सांगाल!

म्हणून या आठवड्यात आपण डब्याचं वेळापत्रक तयार करणार आहोत. ते करायचं तुम्ही. आईबाबांना फक्त मदतीला घ्यायचं. वही-पेन्सिल घेऊन बसा. थोडं गणितही लागणार आहे, पण घाबरू नका, सोपं आहे.

आधी एक तोंडी हिशेब

तुम्ही रात्री साडेआठला जेवलात. सकाळची शाळा. उठल्यावर घाईघाईत कपभर चहा घेतला आणि निघालात. सुट्टी झाली सकाळी दहाला. जेवणापासून सुट्टीपर्यंत किती तास झाले? बोटं मोजा. साडेतेरा! एवढा वेळ पोटात चहाखेरीज काही नाही, आणि त्यात परिपाठ झाला, कवायत झाली, दोन तास अभ्यासही झाला.

आता मेंदूचं ऐका. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के असतो. पण माणूस नुसता बसून असतानाही शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, तिच्यातला साधारण पाचवा हिस्सा हा एकटा मेंदू खाऊन टाकतो. वाढत्या मुलांमध्ये तर हा हिस्सा त्याहूनही मोठा असतो. म्हणजे उपाशीपोटी वर्गात बसलेल्या मुलाला आपण पाढे म्हणायला लावतो, तेव्हा रॉकेल नसलेल्या कंदिलाला "प्रकाश दे, प्रकाश दे" म्हणण्यासारखंच असतं ते.

आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर प्रश्न लिहिला : "आज सकाळी काय खाऊन आलात?" मुलं एकेक करून उत्तरं लिहून गेली. चहा-बिस्कीट. चहा-खारी. चहा-चपाती. नुसता चहा. पुन्हा नुसता चहा. एका मुलाने तर फळ्यावर नुसती रेघ मारली. हा मुलगा रोज दुसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून पडायचा. वर्गातली मुलं त्याला "झोपाळू" म्हणून चिडवत. त्याचे आईवडील दोघंही पहाटे कामावर जात आणि त्याला सकाळी उठवायला घरात कुणी नसे. तो आळशी नव्हता. तो भुकेला होता. त्याच्या आईशी बोलणं झालं. रात्रीच एक चपाती, गुळाचा खडा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे झाकून ठेवायचे, एवढंच ठरलं. पुढच्या पंधरवड्यात त्या मुलाचा हात उत्तर द्यायला वर होऊ लागला. तो हुशार अचानक झाला नाही बरं का! हुशार तो आधीपासून होताच.

म्हणून नियम पहिला : पोटात काहीतरी घन गेल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. रात्रीच्या चपातीचा कुस्करा करा, त्यात शेंगदाणे टाका, वरून लिंबू पिळा. एखादं केळं खा. कपभर दूध आणि राजगिऱ्याचा लाडू घ्या. कोकणात पेज असते, कुठे आंबील असते. जे घरात असेल ते, पण खाऊन निघा.

तीन खुणांची परीक्षा

परिसर अभ्यासाच्या तासाला तुम्ही अन्नाचे तीन गट शिकला आहात. ऊर्जा देणारे, शरीराची वाढ करणारे आणि शरीराचं रक्षण करणारे. परीक्षेत आपण ते लिहितो, दोन गुण मिळवतो आणि विसरून जातो! आता ते डब्यात आणू या.

डबा उघडला की त्यावर मनातल्या मनात तीन खुणा करायच्या.

पहिली खूण धान्याला : पोळी, भाकरी, भात, पोहे, उपमा. ही आपल्याला पळायला ताकद देते.

दुसरी खूण बांधकाम करणाऱ्याला : डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, दही, अंडं, मासे. तुमचं हाड, तुमचा स्नायू, तुमची उंची ही सगळी याची कामं.

तिसरी खूण राखणदाराला : भाजी, पालेभाजी, काकडी, गाजर, टोमॅटो, पेरू, केळं, लिंबाची फोडसुद्धा.

तिन्ही खुणा झाल्या तर डबा पास. दोनच झाल्या तर काठावर. एकच झाली तर? पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या घेऊन तपासा बरं. पोळीला पहिली खूण मिळते. बटाटा दिसायला भाजी आहे, पण त्यात मुख्यतः पिठूळ पदार्थ असतो. म्हणजे तोही धान्याच्याच रांगेत जाऊन उभा राहतो! दुसरी खूण नाही, तिसरी नावापुरती. आता त्याच डब्यात दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि चार गाजराचे तुकडे टाका. झाला पास! बघा, डबा बदलायला मोठा घाट घालावा लागत नाही. जे नाही ते फक्त ओळखायला लागतं.

आता एक विचारण्यासारखा प्रश्न. आपल्या आज्या-पणज्यांनी वरणाबरोबर भात, खिचडीत तांदळाबरोबर मूगडाळ आणि भाजणीत ज्वारी-बाजरी-तांदळाबरोबर हरभरा-उडीद अशीच जोडी का लावली असेल? त्याचं उत्तर असं. प्रथिनं ही माळेसारखी असतात. माळेत वेगवेगळे मणी असतात आणि काही मणी आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. त्यातला लायसिन नावाचा मणी धान्यात कमी असतो, पण डाळीत भरपूर असतो. मेथिओनिन नावाचा मणी डाळीत कमी असतो, तो धान्य पुरवतं. दोघं एकत्र आली की माळ पूर्ण होते. आजीला लायसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण वरण-भात ठाऊक होता!

हे घ्या आठवड्याचं वेळापत्रक

हे नमुन्यादाखल आहे. तुमच्या गावात जे पिकतं, बाजारात ज्या भाजीचा हंगाम आहे आणि घरात जे चालतं, त्याप्रमाणे ते बदलायचं.

सोमवार : पोळी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, सोबत लिंबाची फोड. याची तयारी शनिवारी रात्रीच करायची. रात्री मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, सोमवारी पहाटे मोड तयार. हे काम तुमचं. मोड आल्यावर कडधान्य पचायला हलकं होतं आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व त्यात तयार होतं.

मंगळवार : भाजणीचं थालीपीठ, त्यात कांदा-कोथिंबीर भरपूर. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि काकडी.

बुधवार : मेथी किंवा पालक घालून केलेले धपाटे. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी. जी मुलं पालेभाजी बघून नाक मुरडतात, तीसुद्धा धपाट्यातली मेथी चट्टामट्टा करतात, हे मी रोज पाहते!

गुरुवार : हिरव्या मुगाची धिरडी, किंवा गाजर-मटार घातलेली मूगडाळीची खिचडी. सोबत टोमॅटोची कोशिंबीर.

शुक्रवार : पोळी आणि उकडलेलं अंडं, किंवा अंड्याची भुर्जी. अंडं चालत नसेल तर चवळीची किंवा हरभऱ्याची उसळ. सोबत कोबी किंवा गाजराचे तुकडे.

शनिवार : अर्धी शाळा, छोटी सुट्टी, म्हणून कोरडा खाऊ. मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा आणि एक पेरू किंवा केळं. साधारण ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण २३ ग्रॅम लागतात. म्हणजे ही मूठ काही लहान नाही! (ज्यांना शेंगदाण्याने अंगावर पुरळ येतं किंवा घसा सुजतो त्यांनी मात्र शेंगदाण्यापासून लांबच राहायचं, आणि वर्गाच्या बाईंना तसं सांगून ठेवायचं.)

रविवारी काय? रविवारी सुट्टी. घरात जे गोडधोड, चमचमीत होईल ते सगळ्यांबरोबर आनंदाने खायचं. वेळापत्रकात सुट्टी असतेच की!

झाकणाआड जेवणारी मुलं

आता एक गोष्ट थोडी गंभीरपणे सांगायची आहे.

मधल्या सुट्टीत मी वर्गातून फिरते तेव्हा मला एक-दोन मुलं हमखास अशी दिसतात, जी डब्याचं झाकण उभं धरून त्याच्याआड जेवतात. मी जवळ गेले की घास पटकन गिळतात. काय असतं त्यांच्या डब्यात? भाकरी आणि ठेचा. किंवा भाकरी आणि झुणका. शेजारच्या बाकावर कुणाच्या तरी डब्यात पिवळ्या पुड्यातल्या नूडल्स असतात आणि पाच-सहा हात तिकडे पसरलेले असतात. भाकरीकडे कुणाचाच हात येत नाही. मग ते मूल घरी जाऊन म्हणतं, "मला भाकरी देऊ नकोस. मुलं हसतात." आणि दिवसभर शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी राबून आलेली त्याची आई दुसऱ्या दिवशी उधार आणून पुडा देते.

त्या दोन्ही डब्यांवर आता आपण खुणा करू. नूडल्स मैद्याच्या असतील तर त्यांत पहिली खूण मिळेल. पुढच्या दोन? शोधूनही सापडायच्या नाहीत, वर मीठ मात्र भरपूर. आणि भाकरी-झुणका? ज्वारीला पहिली खूण, हरभऱ्याच्या पिठाला दुसरी. सोबत कांद्याची पात किंवा मुळा असला तर तिसरीसुद्धा. ज्या डब्याला आपण हसलो, तो वर्गात पहिला आला!

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारी, बाजरी, नाचणी या आपल्या धान्यांचा तो जगभरचा गौरव होता, आणि तशी सूचना भारतानेच मांडली होती. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असतं. दूधही हवंच, कारण त्यातलं कॅल्शियम शरीर सहज घेतं. पण ज्या घरात रोज दूध परवडत नाही, त्या घरातल्या नाचणीच्या भाकरीला कमी लेखू नका. बाजरीतलं लोह पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा कितीतरी पट जास्त असतं.

तेव्हा उद्यापासून एक करा. ज्याच्या डब्यात भाकरी असेल त्याला जाऊन म्हणा, "अरे, मला एक तुकडा देतोस? माझी पोळी घे." बस्स, एवढंच. त्या झाकणाचं काम डब्यावर बसायचं आहे, तोंड लपवायचं नाही.

खिचडीची गोष्ट

शाळेतल्या खिचडीलाही काही जण नाकं मुरडतात. तिची थोडी माहिती घ्या, मग मुरडा! १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. सुरुवातीला अनेक राज्यांत मुलांना घरी न्यायला कोरडं धान्य मिळायचं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळेत शिजवलेलं, गरम अन्न द्या. २०२१ पासून या योजनेचं नाव "पीएम पोषण" झालं. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीसाठी ही मापं १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, आणि ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं अशी आहेत.

आता मघाचा आकडा आठवा. लहान मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे शाळेतलं एक जेवण नीट मिळालं आणि नीट खाल्लं, तर निम्मी बेगमी तिथेच झाली! म्हणून ताटात भाजीचे तुकडे बाजूला काढून ठेवू नका. आणि पहाटेपासून चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभ्या राहणाऱ्या मावशींना "मावशी, आज छान झालंय हं" असं कधीतरी म्हणा. जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, हे वेगळं सांगायला नकोच.

मुलींनो, हे तुमच्यासाठी

आणि मुलग्यांनो, तुम्हीही वाचा. तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्या पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. म्हणजे दहा मुली घेतल्या तर जवळजवळ सहा. जिना चढताना धाप लागणं, सतत थकवा, अभ्यासात लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं. पाळी सुरू झाली की शरीराची लोहाची गरज वाढते, आणि नेमकी त्याच वयात मुलगी घरात "मोठी" झालेली असते. ती आईबरोबर शेवटी जेवायला बसते. तोपर्यंत पातेल्यात भाजी तळाशी गेलेली असते. अंडं भावाला दिलेलं असतं, दूध भावाला दिलेलं असतं. कुणी वाईट मनाने करत नाही हे. पण होतं.

तर मुलग्यांनो, उद्या जेवायला बसताना पातेल्यात डोकावून बघा. ताई जेवली का, आई जेवली का, त्यांच्यासाठी भाजी उरते का? नसेल तर आपल्या ताटातली दुसरी वाढी थांबवा. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे सगळ्यांनी एकत्रच बसा.

लोहासाठी पालेभाज्या, बाजरी, कडधान्यं, अळीव, आणि चालत असेल तर मांस-मासे खा. पण एक युक्ती लक्षात ठेवा. भाजी-धान्यातलं लोह शरीरात मुरायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून उसळीवर लिंबू, पोह्यांवर लिंबू, जेवणाबरोबर आवळा किंवा पेरू. पेरूत संत्र्याहूनही जास्त क जीवनसत्त्व असतं. याच्या उलट चहा. चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, शरीरात जाऊ देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली, त्यांतही सांगितलं आहे की जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी घेऊ नये. म्हणजे चहा-चपातीची जोडी मोडायची. चपाती भाजीबरोबर खा.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते. ती दप्तराच्या कप्प्यात किंवा खिडकीबाहेर जायला नको! काहीतरी खाऊन झाल्यावर घेतली म्हणजे मळमळत नाही. जंताची गोळीही चुकवायची नाही. आपण खायचं आणि जंतांनी पळवायचं, हे कसं चालेल?

पुड्याचं गणित

आता पेन्सिल उचला. समजा, पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यावर वजन १२ ग्रॅम लिहिलं आहे. तर एक किलोचा भाव किती? ५ भागिले १२, गुणिले १०००. उत्तर येतं साधारण ४१७ रुपये. आता वाण्याच्या दुकानात जाऊन शेंगदाणे, फुटाणे आणि चुरमुरे यांचा किलोचा भाव विचारून या आणि शेजारी शेजारी लिहा. मग ठरवा, स्वस्त कोण आणि महाग कोण.

पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरंही वाचायला शिका. घटक पदार्थांच्या यादीत जो पदार्थ सर्वांत जास्त असतो, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो. पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल तर बिस्कीट "पौष्टिक" कसं, असा प्रश्न विचारायचा. गोड पेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत किती? २५ ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे सहा चमचे! वरून घातलेली साखर अख्ख्या दिवसात २५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ती एका बाटलीतच संपली.

२०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ विकायला बंदी आहे. तुमच्या फाटकापासून पहिली टपरी किती पावलांवर आहे? मोजून बघा. हाही मोजमापाचा पाठच आहे!

आईबाबांसाठी चार ओळी

डबा अर्धा परत आला की आपण म्हणतो, "आवडलं नाही वाटतं." पुष्कळदा प्रश्न चवीचा नसतोच, वेळेचा असतो. सुट्टी छोटी, त्यात हात धुवायची रांग, आणि मैदान हाका मारतंय. म्हणून पोळीची गुंडाळी करून तिचे दोन तुकडे करून द्या. उसळ कोरडी करा. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का ते पाहा. पहिलीतली मुलं नुसतं झाकण उघडलं नाही म्हणून उपाशी राहतात, हे आम्हा शिक्षकांना विचारा.

शाळेतून आल्यावरची वेळ सर्वांत नाजूक. कडकडून भूक लागलेली असते आणि हाताशी जे असेल ते पोटात जातं. म्हणून हाताशी पुडा नको, फुटाण्यांचा डबा ठेवा. उकडलेलं रताळं, चुरमुऱ्यांची भेळ, केळं, ताक, काहीही चालेल.

बळजबरी करू नका. नवी भाजी एकदा नाकारली तर आठ दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढा, पुन्हा नाकारली तर पुन्हा वाढा. आणि डबा ही एकट्या आईची जबाबदारी नाही. बाबा, निदान दोन वार तुमच्या नावावर लिहा. वेळापत्रकात शिक्षकाचं नाव असतं, तसं डब्याच्या वेळापत्रकात करणाऱ्याचंही असू द्या.

मुली शाळेत पाणी पीत नसतील तर रागावू नका, कारण विचारा. पुष्कळदा ते शाळेच्या स्वच्छतागृहात सापडतं. पालकसभेत त्याविषयी मोकळेपणाने बोला. आम्हा शिक्षकांनाही तुमचा आधार होतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मोठ्या कागदावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखा. सकाळचं खाणं, डबा आणि संध्याकाळचा खाऊ अशा तीन ओळी करा. घरच्यांबरोबर बसून भरा आणि स्वयंपाकघरात लावा.

२. रोज डब्यावर तीन खुणांची परीक्षा घ्या. सहा दिवसांच्या अठरा खुणांपैकी किती मिळाल्या ते मोजा.

३. आजीला किंवा शेजारच्या आजींना विचारा : "तुम्ही शाळेत जाताना काय खात होतात?" उत्तर जसंच्या तसं वहीत लिहा.

४. एक पदार्थ स्वतः करा. मटकीला मोड आणा, भेळ कालवा किंवा लिंबू पिळून काकडीची कोशिंबीर करा. चौथीच्या पुढच्यांनी गॅसजवळ जायचं असेल तर मोठं माणूस शेजारी हवंच.

वेळापत्रक पहिल्या आठवड्यात मोडेल. एखाद्या दिवशी गॅस संपेल, भाजी मिळणार नाही, मटकीला मोडच येणार नाहीत. मोडलं तर मोडू द्या, पुढच्या वारापासून परत धरा. शाळेच्या वेळापत्रकातसुद्धा बदली तास असतोच ना!

आणि अठरापैकी किती खुणा मिळाल्या ते कळवायला विसरू नका. अठरा मिळवणाऱ्यांपेक्षा, पहिल्या आठवड्यात सात आणि दुसऱ्या आठवड्यात अकरा मिळवणाऱ्यांची पत्रं मी आधी वाचणार आहे.

— तुमच्या बाई